पानं मोजत वाचणाऱ्या विद्यार्थिनीला

वाचकाचं पत्र

"सलाम. मी पुण्यात बी.डी.च्या, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या पदवीच्या, दुसऱ्या वर्षाला आहे, मूळची नगर जिल्ह्यातली. घरी आजी रोज पहाटे पवित्र शास्त्र मोठ्याने वाचते, ओळीवर बोट ठेवून. तिच्या शेजारी बसूनच मी वाचायला शिकले. सेमिनरीत आल्यापासून वाचनाचं ओझं झालंय. रोज साठ-सत्तर पानं, तीही इंग्रजीत. ऑगस्टीन, अक्वायनस, ल्यूथर असे जुने धर्मशास्त्रज्ञ. संध्याकाळी कुणी विचारलं तर एक वाक्य धड सांगता येत नाही. वाचताना सारखी किती पानं उरली ते बघते. सकाळी प्रार्थनेसाठी बायबलमधलं उत्पत्तीचं पुस्तक उघडलं तर वर्गात शिकवलेले दोन वेगळे लेखक दिसतात, मार्कचं शुभवर्तमान उघडलं तर परीक्षेतला प्रश्न दिसतो. रविवारी मंडळीत संदेश देते तेव्हा लोक नुसते बघत राहतात. माझा विश्वास कमी झालाय का? की मी या अभ्यासाच्या लायकीचीच नाही?"

सल्ला

सप्रेम सलाम.

आधी थेट उत्तर देतो. विश्वास कमी झाल्याची खूण तुमच्या पत्रात आम्हांला दिसली नाही. ज्याला वचनाची पर्वा उरलेली नसते तो असं पत्र लिहीत नाही. लायकीचं म्हणाल, तर दुसऱ्या वर्षाला बहुतेक विद्यार्थी याच जागी येऊन अडतात. बिघडलाय तो वाचनाचा वेग. परीक्षेसाठी जी घाई अंगवळणी पडली, तीच घाई घेऊन तुम्ही पहाटे प्रार्थनेला बसता. मग दोन्हीकडे काही हाती लागत नाही.

'किती पानं उरली ते बघते' हे तुमचं वाक्य सोळाशे वर्षं जुनं आहे. एव्हाग्रिअस हा इजिप्तच्या वाळवंटात राहणारा संन्यासी, मृत्यू ३९९ सालचा. कंटाळ्याने घेरलेल्या वाचकाचं त्याने केलेलं वर्णन बघा. हा माणूस जांभया देतो, डोळे चोळतो, पुस्तकावरची नजर काढून भिंतीकडे बघत बसतो. पुन्हा थोडं वाचतो. पानं उलटून शेवट कुठे आहे ते शोधतो, पानं मोजतो, अक्षराला आणि नक्षीला नावं ठेवतो. शेवटी पुस्तक मिटून डोक्याखाली घेतो आणि झोपतो, पण झोपही गाढ लागत नाही, कारण भूक जागं करते. या अवस्थेला तो 'अकेडिया' म्हणतो. संन्याशाच्या मनावर चालून येणाऱ्या आठ विचारांत त्याने तिची गणना केली आहे. म्हणजे ज्यांनी सगळं सोडून प्रार्थनेलाच वाहून घेतलं होतं, त्यांच्याही हातात पुस्तक जड व्हायचं.

म्हणून पहिलं काम म्हणजे दोन वाचनांच्या वेळा, जागा आणि पुस्तकंसुद्धा वेगळी करा. अभ्यासाचं इंग्रजी बायबल, ज्याच्या समासात तुमच्या टिपा आहेत, ते पहाटे उघडू नका. पहाटेसाठी मराठी प्रत ठेवा, शक्यतो कोरी, आणि अभ्यासाच्या टेबलापासून लांब बसा. फोन दुसऱ्या खोलीत असू द्या. हे बारीकसारीक वाटेल, पण डोळ्यांना सवय जागेची असते. त्याच टेबलावर तेच पुस्तक उघडलं की डोळे आपोआप परीक्षेचंच वाचू लागतात.

पहाटेचा वेळ अर्धा तास, आणि उतारा आठवडाभर एकच. हा प्रघात जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिश बोनहोफर यांच्या फिंकेनवाल्डच्या सेमिनरीतला आहे. १९३५ ते १९३७ ही दोन वर्षं, गेस्टापोने, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांनी, ती बंद करेपर्यंत, तिथले विद्यार्थी रोज सकाळी अर्धा तास एका लहान उताऱ्यावर मनन करत आणि तोच उतारा आठवडाभर चाले. सुरुवातीला विद्यार्थ्यांनी कुरकुर केली. या अर्ध्या तासात करायचं काय, हेच कित्येकांना कळेना. बोनहोफर यांनी दिलेल्या सूचना आजही जशाच्या तशा पाळण्यासारख्या आहेत. उतारा संपवायचा नाही. एका शब्दावर अडलात तर तिथेच थांबायचं. काही नवं सुचलंच पाहिजे असं नाही. मन भरकटलं तर चिडायचं नाही, ज्या माणसाकडे ते गेलं त्याच्यासाठी प्रार्थना करायची आणि उताऱ्याकडे परत यायचं. आणि तुमच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाची सूचना ही, की या वेळात संदेशाची तयारी करायची नाही. 'हे मी लोकांना कसं सांगू' हा प्रश्न या अर्ध्या तासात येऊ द्यायचा नाही. तुमच्याबाबतीत त्यात आणखी एक जोडतो. 'हे परीक्षेत कसं लिहू' हाही नाही.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते एका उताऱ्यावर बघू. मार्क ४:३५-४१, वादळ शांत केल्याचा प्रसंग. फक्त सात वचनं. सोमवारी तो मोठ्याने दोनदा वाचा, आजीसारखं ओळीवर बोट ठेवून. बोट ठेवल्याने डोळा पुढे पळत नाही, हा त्याचा साधा उपयोग. दुसऱ्या वाचनात ज्या शब्दावर आवाज अडखळेल तो वहीत लिहा. बाकी काही लिहू नका. मंगळवारी फक्त बारीक गोष्टी टिपा. संध्याकाळ झाली आहे. शिष्य येशूला 'जसा होता तसाच' नावेत घेतात. बरोबर आणखी नावा आहेत. तो नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं टेकून झोपलाय.

बुधवारी तुमचा अभ्यास कामाला लावा. हो, याच अर्ध्या तासात, पण दहाच मिनिटं. मत्तय ८:२३-२७ आणि लूक ८:२२-२५ शेजारी उघडा. उशी मत्तय आणि लूक यांच्याकडे नाही. त्या इतर नावाही नाहीत. आणि शिष्यांचं बोलणं बघा. मत्तयात ते 'प्रभुजी, वाचवा' अशी विनवणी करतात. लूकमध्ये नुसतं 'गुरुजी, गुरुजी, आपण बुडत आहोत' असं ओरडतात. मार्कमध्ये मात्र ते त्याला टोचून विचारतात: आम्ही बुडतोय, तुम्हांला त्याची काळजी नाही का? मार्कने ही तक्रार गुळगुळीत न करता तशीच ठेवली आहे. वर्गात याला संपादन-समीक्षा म्हणतात आणि त्यावर गुण मिळतात. पण तीच गोष्ट पहाटे वेगळी बोलते. देवाला असं टोचून विचारायला शुभवर्तमानात जागा आहे, आणि विचारणाऱ्यांना नावेतून खाली उतरवलेलं नाही. ज्या अभ्यासाने तुमची प्रार्थना हिरावून घेतली असं तुम्हांला वाटतंय, तो इथे प्रार्थनेला शब्द देतो. फक्त त्याला दहा मिनिटांच्या कुंपणात ठेवावं लागतं.

गुरुवारी ग्रीक. दुसऱ्या वर्षाला एवढं ग्रीक तुम्हांला येत असणार. या सात वचनांत 'मेगास', म्हणजे मोठा, हा शब्द तीनदा येतो: मोठं वादळ, मोठी शांतता, मोठं भय. म्हणजे वादळ शमल्यावर शिष्य सुटकेचा निःश्वास टाकत नाहीत, उलट आता त्यांना मोठं भय वाटतं. आणि समुद्राला गप्प करताना जे क्रियापद आहे, तेच पहिल्या अध्यायात, १:२५ मध्ये, अशुद्ध आत्म्याला गप्प करताना आलंय. एवढं पाहून शब्दकोश मिटा. इथे हमखास एक चूक होते. एका शब्दाचा धागा पकडून माणूस संदर्भग्रंथांत शिरतो आणि अर्धा तास कधी संपला ते कळतही नाही.

शुक्रवारी जुन्या वाचकांपैकी एकाला सोबत घ्या. ऑगस्टीनचं या प्रसंगावर एक छोटं प्रवचन आहे. तो म्हणतो, कुणी तुझा अपमान केला, तो वारा. तू चिडलास, ती लाट. नाव बुडायला लागली, कारण तुझ्यात ख्रिस्त झोपलाय, म्हणजे तू त्याला विसरलायस. त्याला जागं कर, त्याची आठवण कर. शनिवारी काहीच नवं आणू नका. उतारा पाठ म्हणता येतो का बघा आणि गप्प बसा.

बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन संन्यासी-पंथाच्या मठाधिपतीने अशा वाचनाची चार पायऱ्यांची शिडी मांडली: वाचन, मनन, प्रार्थना, निवांत दर्शन. वाचन म्हणजे घास तोंडात घेणं, मनन म्हणजे चावणं, प्रार्थना म्हणजे त्याची चव लागणं, आणि दर्शन म्हणजे तो गोडवाच. मठांत या चावण्याला रवंथ करणं म्हणत. मराठीत आपल्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गोठ्यात बसलेली गाय पाहिलेल्या माणसाला कळतं की रवंथ चरताना होत नसतो, चरून झाल्यावर होतो, आणि त्याला बसावं लागतं. तुम्ही दिवसभर चरताय, बसत नाही.

आता उत्पत्तीचं. पहिल्या अध्यायात 'देव' आणि २:४ च्या मध्यापासून 'परमेश्वर देव', हा फरक तुमच्या आजीच्या मराठी बायबलमध्येही छापलेला आहे. तो लपवलेला कधीच नव्हता. एकोणिसाव्या शतकात वेलहाउझेन वगैरे जर्मन अभ्यासकांनी त्याची व्यवस्थित उपपत्ती मांडली, पण अडचणी त्याआधी फार जुन्या आहेत. तिसऱ्या शतकात ओरिगेन हा ख्रिस्ती भाष्यकार विचारतो की सूर्य, चंद्र, तारे नसताना पहिला, दुसरा, तिसरा दिवस कसा झाला, असं शब्दशः कोण मानेल? ओरिगेन रात्रंदिवस शास्त्रात बुडालेला माणूस होता. त्याला प्रश्न पडला म्हणून त्याने पुस्तक मिटलं नाही.

दोन लेखक दिसतात तिथे तुमचं वाचन थांबतं, कारण वर्गातला प्रश्न तिथे संपतो. त्यापुढचा प्रश्न स्वतःला विचारा. ज्याने ही दोन वर्णनं शेजारी ठेवली, त्यालाही शिवण दिसत होती. मग त्याने एक काढून का टाकलं नाही? पहिल्यात देव शब्दाने निर्माण करतो, दुरून, क्रमाने, आणि सगळं 'चांगलं' म्हणतो. दुसऱ्यात तो मातीत हात घालतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो, आणि 'मनुष्य एकटा असावा हे बरं नाही' असं म्हणतो. यातलं एकच वर्णन आपल्याकडे असतं तर देवाबद्दल काय म्हणायचं राहून गेलं असतं? या प्रश्नावर एक पान लिहा. त्या दिवसाची प्रार्थना त्यातूनच निघेल.

आता दिवसाच्या वाचनाकडे येऊ. साठ-सत्तर पानांची यादी हातात आली की आधी पेन्सिलीने दोन भाग करा: मूळ ग्रंथ, आणि मूळ ग्रंथांवर लिहिलेले ग्रंथ. मूळ ग्रंथ ताशी आठ ते दहा पानांपेक्षा जास्त वेगाने वाचला तर वाचल्यासारखं होतं, कळत काही नाही. दुसऱ्या प्रकारचा ग्रंथ ताशी वीस-पंचवीस पानांनी चालतो: आधी प्रस्तावना, मग शेवटचं प्रकरण, मग जे प्रकरण तुमच्या विषयाचं ते पूर्ण. बाकीचं चाळा आणि मनाला खात राहू देऊ नका. विद्यार्थी बहुधा उलटं करतात. ऑगस्टीनवरची तीन पुस्तकं सावकाश वाचतात आणि ऑगस्टीन उताऱ्यांपुरता चाळतात. मग पेपरात सगळ्यांची मतं येतात, फक्त ऑगस्टीन येत नाही.

पुस्तकं सरसकट एका पद्धतीने वाचता येत नाहीत, हेही ध्यानात ठेवा. अक्वायनसचा 'सुम्मा' हा धर्मशास्त्राचा मोठा ग्रंथ वाचताना इंग्रजीतून शिकणारे विद्यार्थी जिथे घसरतात, तिथे मराठी वाचकाने घसरायचं कारण नाही, कारण ही रचना आपल्या शास्त्रग्रंथांतली आहे: पूर्वपक्ष आणि सिद्धान्त. प्रत्येक लेखात आधी प्रश्न येतो. मग 'असं वाटतं की' म्हणून विरोधी मतं मांडलेली असतात. मग 'पण याच्या उलट' म्हणून एखादं आधारवचन. मग 'मी उत्तर देतो' इथून अक्वायनसचं स्वतःचं म्हणणं. आणि शेवटी प्रत्येक विरोधी मताला वेगळं उत्तर. सगळ्यांत जास्त गुण जातात ते पूर्वपक्ष अक्वायनसचं मत म्हणून उद्धृत केल्यामुळे.

पहिल्या भागातला दुसरा प्रश्न, तिसरा लेख घ्या: देव आहे का? पूर्वपक्ष दोन आहेत. पहिला असा: दोन विरुद्ध गोष्टींपैकी एक अमर्याद असेल तर दुसरी उरणारच नाही. देव म्हणजे अमर्याद चांगुलपणा. पण जगात वाईट आहे. म्हणून देव नाही. दुसरा: जगातल्या सगळ्या गोष्टींचा उलगडा निसर्ग आणि मानवी बुद्धी-इच्छा यांनी होतो, देव मानायची गरज नाही. तेराव्या शतकातल्या धर्मगुरूने लिहिलेले हे आक्षेप आजच्या कुठल्याही नास्तिकाला आपलेच वाटावेत इतके नेटके आहेत. मग निर्गम ३:१४ चं आधारवचन, आणि मग ते पाच मार्ग. घाईत असलेला विद्यार्थी पाच मार्ग पाठ करून थांबतो. पण वाईटाच्या आक्षेपाला दिलेलं उत्तर लेखाच्या अगदी शेवटी आहे, दोन-तीन ओळींचं: वाईटातूनही चांगलं काढण्याइतका देव समर्थ आणि चांगला नसता, तर त्याने वाईट होऊच दिलं नसतं. हे ऑगस्टीनच्या आधाराने दिलेलं उत्तर पुरेसं आहे का, यावर तुम्ही भांडू शकता आणि भांडावंच. म्हणून असा लेख वाचण्याचा क्रम हा ठेवा: प्रश्न, मग 'मी उत्तर देतो', मग पहिला आक्षेप आणि लगेच त्याचं उत्तर, दुसरा आक्षेप आणि त्याचं उत्तर. शेवटी वरून खाली एकदा सलग. एका लेखाला चाळीस मिनिटं द्या. एका संध्याकाळी दोन लेख झाले की पुरे.

ऑगस्टीनचं 'कन्फेशन्स' हे आत्मकथन असं वाचलंत तर हाती काही लागणार नाही. ते पहिल्यापासून शेवटपर्यंत देवाशी बोललेलं आहे. ते मोठ्याने वाचा, आणि जिथे जिथे देवाला उद्देशून 'तू' येतो तिथे समासात बारीक रेघ मारा. दहा पानांतच पुस्तकाचा सूर कानात बसतो. त्याचे तेरा भाग आहेत, त्यांना 'पुस्तकं' म्हणतात. आठवड्याला एक धरलं तर एका सत्रात होतात. आत्मकथन नवव्यात संपतं म्हणून बरेच जण तिथेच सोडतात. तसं करू नका. दहाव्यात स्मृती आहे, अकराव्यात काळ, आणि शेवटच्या दोनांत तुम्हांला छळणारं तेच उत्पत्तीचं पहिलं प्रकरण. बाराव्यात तर तो मान्य करतो की मोशेच्या एकाच वाक्यातून वाचकांना अनेक खरे अर्थ सापडू शकतात. तुमच्यासाठी ते पुस्तक आधी वाचलं तरी चालेल.

या ग्रंथात वाचनाबद्दलच इतकं आहे की त्याची वेगळी यादी करावी. तिसऱ्या पुस्तकात तरुण ऑगस्टीनला सिसेरो या रोमन वक्त्यापुढे पवित्र शास्त्राची भाषा गावंढळ वाटते. सहाव्यात तो मिलानचे बिशप अँब्रोज यांना वाचताना बघतो: डोळे पानावरून फिरताहेत, मन अर्थ धुंडाळतंय, आवाज आणि जीभ मात्र स्वस्थ. आणि आठव्यात, ३८६ साली, मिलानमधल्या बागेत त्याला 'घे, वाच' असा लहान मुलासारखा आवाज ऐकू येतो. तो पौलाची पत्रं उघडतो, रोमकरांस १३:१३-१४ वाचतो आणि थांबतो. पुढे वाचायची इच्छाही नव्हती आणि गरजही नव्हती, असं तो स्वतः सांगतो. दोन वचनं! तीही अशा माणसाने वाचलेली, ज्याचा धंदाच वक्तृत्व शिकवण्याचा होता आणि ज्याने तोवर ग्रंथांचे ढीग वाचले होते. ते ढीग वाया गेले नव्हते. ती दोन वचनं पडली तेव्हा जमीन नांगरलेली होती.

कमी वाचण्याची ही परंपरा फार पक्की आहे. सहाव्या शतकातल्या बेनेडिक्टच्या मठ-नियमात लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, सुरुवातीला प्रत्येक संन्याशाला एक पुस्तक द्यायचं आणि ते पहिल्यापासून सलग वाचायचं, एवढंच सांगितलंय. अकराव्या शतकातल्या अन्सेल्म या मठवासी धर्मशास्त्रज्ञाने स्वतःच्या प्रार्थनांच्या प्रस्तावनेत लिहिलं की या गडबडीत वाचू नका, घाईने नको, थोडं थोडं वाचा. सगळी प्रार्थना पूर्ण करायची गरज नाही, वाटेल तिथे सुरू करा आणि वाटेल तिथे थांबा. त्यासाठी परिच्छेदही पाडून दिले. सेमिनरीची यादी तुम्हांला पुरी करावीच लागेल, ती टाळा असं आम्ही म्हणत नाही. पण तिच्यातलं एक पुस्तक दर सत्रात असं निवडा जे तुम्ही बेनेडिक्टच्या पद्धतीने वाचाल. बाकीची परीक्षेपुरती.

आता भाषेकडे येतो, कारण संध्याकाळी वाक्य न आठवण्याचं मूळ आम्हांला तिथे दिसतं. तुम्ही इंग्रजीत वाचता आणि टिपाही इंग्रजीतच काढता, म्हणजे वाक्यं नुसती एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता. इंग्रजी वाक्य उतरवून घेताना ते कळलंच पाहिजे असं नसतं. मराठीत सांगताना मात्र कळल्याशिवाय गत्यंतर नाही. म्हणून एक तास वाचून झालं की पुस्तक मिटा आणि वहीत पाच ओळी मराठीत लिहा. पुस्तकात डोकावून नाही. जे आठवत नाही ते परत वाचा. सुरुवातीला हे पंचवीस मिनिटं खाईल, महिन्याभरात दहावर येतं. अधोरेखन कमी करा. एका पानावर एकच वाक्य, तेही दुसऱ्या वाचनात. पहिल्या वाचनात सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पान पिवळं होतं.

मराठीत आणताना काही शब्द अडतील. ते अडणं म्हणजेच धर्मशास्त्र. रोमकरांस १:१७ बघा: 'देवाचे नीतिमत्त्व'. मराठी कानाला त्यात आधी 'नीती' ऐकू येते, म्हणजे देवाचं चोख वागणं आणि त्या मापाने आपला होणारा न्याय. ल्यूथरही नेमका इथेच अडला होता. १५४५ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी लिहिलेल्या प्रस्तावनेत तो सांगतो की 'देवाचे नीतिमत्त्व' या शब्दांचा त्याला द्वेष वाटायचा. तो रात्रंदिवस त्यांवर विचार करत राहिला, आणि शेवटी शब्दांच्या परस्परसंबंधाकडे लक्ष गेलं: पुढेच लिहिलंय की नीतिमान विश्वासाने जगेल. मग हे देवाने माणसाला दिलेलं नीतिमत्त्व आहे, ज्याने तो माणसाला नीतिमान ठरवतो. सगळ्या धर्मसुधारणेचा हा कणा एका जोडवाक्याकडे नीट बघण्यातून आला. तुम्ही ते मराठीत समजावून सांगायला बसाल तेव्हा 'नीतिमत्त्व' शब्द हाताला चटका देईल, आणि ल्यूथर काय म्हणतोय ते त्या क्षणी कळेल.

दुसरा शब्द 'व्यक्ती'. देव एक आणि व्यक्ती तीन, हे आपण लहानपणापासून म्हणतो. पण आजच्या मराठीत व्यक्ती म्हणजे स्वतंत्र माणूस: आधार कार्ड वेगळं, मन वेगळं. ग्रीकमधला 'हिपोस्टासिस' किंवा लॅटिनमधला 'पर्सोना' असा नव्हता. खुद्द ऑगस्टीनने त्रैक्यावरच्या ग्रंथात म्हटलंय की 'तीन कोण?' असं विचारलं तर आपण 'तीन व्यक्ती' म्हणतो, ते नेमकं सांगता येतं म्हणून नाही, गप्प बसायला लागू नये म्हणून. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारखं आहे. शब्द अडला की पंडिता रमाबाईंचं बायबल शेजारी घ्या. इब्री आणि ग्रीकवरून, साध्या माणसाला कळेल अशा मराठीत त्यांनी ते केलं, १९२२ साली त्या वारल्यानंतर १९२४ ला ते प्रसिद्ध झालं. नेहमीच्या आवृत्तीशी जिथे फरक दिसेल तिथे मूळ शब्द बघा. एका वचनाला पंधरा मिनिटं पुरतात.

आणि आठवड्यातून एकदा आजीला फोन करा. त्या आठवड्यातली एक कल्पना पाच मिनिटांत सांगा. ग्रंथकर्त्याचं नाव नाही, 'इझम' नाही. ती 'म्हणजे काय गं?' म्हणाली तर जिथे म्हणाली तिथे तुम्हांलाही कळलेलं नाही, हे धरून चाला आणि तेवढाच परिच्छेद परत वाचा. रविवारच्या संदेशाचं दुखणं याच औषधाने बरं होतं. लोक नुसते बघत राहतात, कारण तुम्ही त्यांना वर्गातली वही वाचून दाखवता. संदेशात कल्पना एकच ठेवा, उतारा एकच, आणि ज्या कल्पनेवर आजीने प्रश्न विचारला होता तीच निवडा. तिचाच प्रश्न मंडळीलाही असतो.

शंकांबद्दल थोडं. ल्यूथरने १५३९ साली धर्मशास्त्र शिकण्याचे तीन नियम स्तोत्र ११९ मधून काढून दिले: प्रार्थना, मनन आणि तिसरा 'टेंटात्सिओ', म्हणजे कसोटी, झगडा. तिसऱ्याशिवाय पहिल्या दोघांची पारख होत नाही, असं त्याचं म्हणणं. तेव्हा शंका आली की ती अभ्यासक्रमातली आहे असं समजा आणि वहीत तारखेनिशी लिहा. प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत त्या दिवशी स्वतःचे शब्द शोधत बसू नका, एक स्तोत्र मोठ्याने म्हणा. चौथ्या शतकातल्या अथनेशियस या बिशपने मार्सेलिनसला लिहिलेल्या पत्रात हेच सांगितलंय: बाकीच्या शास्त्रातले शब्द त्या त्या माणसाचे असतात, स्तोत्रं म्हणणाऱ्याला मात्र ते आपलेच शब्द वाटतात, आरशात स्वतःला पाहावं तसे. अगदी कोरड्या दिवसासाठी ८८ वं ठेवा. त्याचा शेवट अंधारात होतो, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे.

एक गोष्ट मात्र यापासून वेगळी. झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर त्याला आत्मिक कोरडेपणा म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना दाखवा आणि ज्या प्राध्यापकांवर विश्वास आहे त्यांना सांगा. उपवास आणि जागरणं वाढवण्याने ते बरं होत नाही.

नाताळला घरी जाल तेव्हा ग्रंथालयातून ख्रिस्तपुराणाची देवनागरी प्रत घेऊन जा. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पंथाचा इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली तिथल्या रायतूरला त्याचं हे पुराण छापलं गेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या, रोमन लिपीत, मंडळीसमोर मोठ्याने वाचण्यासाठी. सगळं वाचायला जाऊ नका. पहिल्या अवस्वरूतल्या, म्हणजे अध्यायातल्या, वीस ओव्या पुरे. 'वो नमो विश्वभरिता, देवा बापा सर्वसमर्था' इथून सुरुवात करा, आजीच्या शेजारी बसून, ओळीवर बोट ठेवून. चारशे वर्षांपूर्वीचा एखादा शब्द अडला तर कोश काढण्याआधी तिला विचारा.